तीनशे फूट

पहाटे ३.४५

ह्यूस्टनच्या दक्षिण भागात, सिम्स बायूच्या काठावर पहिला पिकअप ट्रक येऊन थांबतो. बायू म्हणजे इथला संथ, मातकट ओढा. शहरभर असे ओढे आहेत आणि पाऊस कोसळला की शहराचं पाणी त्यांच्यातच येतं. जून महिना आहे. उजाडायला वेळ आहे, पण हवा आत्ताच अंगाला चिकटते आहे.

बायूच्या काठाने काँक्रीटची वाट करणारी नऊ माणसं एकेक करून जमतात. इतक्या लवकर का, ते मुकादमाने काल फोनवर सांगितलं होतं. दुपारच्या उन्हात ओतलेलं काँक्रीट हात फिरवायला वेळच देत नाही.

मी दिवसभर ज्यांच्या मागे राहणार आहे ते मिस्त्री बावन्न वर्षांचे. मूळचे मेक्सिकोतल्या सान लुईस पोतोसीचे. सव्वीस वर्षं काँक्रीटचा वरचा थर घोटताहेत. नाव छापू नका म्हणाले, म्हणून मिस्त्रीच म्हणते. राहतात शेजारच्या पॅसाडीना गावात. पावणेतीनला उठले, बायकोने भरून ठेवलेला डबा घेतला, पंचवीस मिनिटं गाडी चालवली. पेट्रोल त्यांचं.

हातातली हत्यारंही त्यांचीच. मशिनं कंपनी देते, पण रंधा, थापी, काठ गोल करायची थापी, गुडघ्याला बांधायच्या गाद्या ज्याच्या त्याच्या. मॅग्नेशियमचा रंधा तीस डॉलरचा. रबरी बूट अठ्ठावीसचे, पावसाळा नीट गेला तर वर्षभर टिकतात. सगळं एका पांढऱ्या प्लॅस्टिकच्या बादलीत असतं. मिस्त्री प्रत्येक हत्यार बाहेर काढतात, तेलाच्या फडक्याने पुसतात आणि परत ठेवतात. बोलत नाहीत.

४.१५

जनरेटर सुरू होतो. दिव्यांच्या उजेडात कालचं काम दिसतं. दोन्ही बाजूंना लाकडी फळ्या, मध्ये दहा फुटांची जागा, तिच्यात सळयांची जाळी. सळया मातीला टेकू नयेत म्हणून खाली प्लॅस्टिकचे ठोकळे. आपल्याकडच्या बांधकामावर ज्याला कव्हर ब्लॉक म्हणतात, तेच.

खालची माती फार त्रासाची आहे. मराठवाड्यातल्या काळ्या रानासारखीच ही चिकणमाती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर नुसतं काँक्रीट ओतलं तर दोन-चार वर्षांत ते तुकड्यातुकड्यांनी वर उचलतं. म्हणून आधी मातीत चुना मिसळून ती दाबून घेतली आहे. हे काम कोणाला दिसणार नाही. वाटेचं आयुष्य मात्र निम्मं तरी त्यातच आहे.

मिस्त्री दोरी ताणतात. लेव्हल पट्टी फळीवर आडवी टेकवतात. वाटेला आडवा उतार हवा, म्हणजे पाणी ओढ्याकडे जाईल. पण दोन टक्क्यांपेक्षा जास्त नको, नाहीतर चाकाची खुर्ची एका बाजूला ओढली जाते. अपंगांसाठीच्या नियमांची मर्यादा साधारण तेवढीच आहे. दहा फुटांत अडीच इंचसुद्धा नाही. एका ठिकाणी पट्टी खटकते. मिस्त्री भाच्याला हाक मारतात.

"ही खुंटी बघ. काल तूच ठोकलीस ना?"

"हो, तीयो." तीयो म्हणजे मामा.

"काढ. पुन्हा ठोक. पाव इंच खाली."

भाचा एकोणीस वर्षांचा आहे. दोन महिन्यांपूर्वी कामाला लागला. काही न बोलता हातोडा घेतो.

४.४५

तपासणी प्रयोगशाळेची मुलगी येते. कंत्राटदाराकडून तिला पगार नाही, आणि तसंच असायला हवं. तिच्याकडे पत्र्याचा एक शंकू आहे, बारा इंच उंच, वरून चार इंच रुंद, खालून आठ. एक सळई, एक थर्मामीटर आणि प्लॅस्टिकचे गोल साचे. साच्यांमध्ये काँक्रीटचे नमुने भरून ती घेऊन जाईल. सातव्या दिवशी आणि अठ्ठाविसाव्या दिवशी ते मशिनखाली दाबून फोडतील. किती दाबाला फुटले त्याचा कागद फायलीत लागतो. शहराने काढलेल्या कर्जाच्या पैशातून उभं राहिलेलं काम किती पक्कं आहे, याचा पहिला पुरावा तो कागद.

५.०५

पहिला ट्रक येतो. दहा घनयार्ड. मुकादम चालकाच्या हातातली पावती घेतो आणि आधी वेळ बघतो. काँक्रीट कारखान्यातून कधी भरलं, ते त्यावर छापलेलं असतं. पाणी पडल्यापासून नव्वद मिनिटांत ट्रक रिकामा व्हायला हवा.

शंकू तीन थरांत भरला जातो, प्रत्येक थर सळईने पंचवीस वेळा टोचून. मग शंकू सरळ वर उचलायचा आणि काँक्रीट किती बसतं ते मोजायचं. साडेचार इंच. मुलगी मान डोलावते. पन्हळ खाली येते आणि करडा लगदा सळयांवर घसरतो.

हिशोब सोपा आहे. वाट दहा फूट रुंद, सहा इंच जाड. दहा यार्डांच्या ट्रकमध्ये चोपन्न फूट होतात, सांडलवंड धरून पन्नास. आज तीनशे फूट करायचे आहेत, म्हणजे सहा ट्रक. यार्डाला सव्वाशे डॉलर पडतात, असं मुकादम सांगतो. एक ट्रक साडेबाराशेचा. नुसत्या काँक्रीटचेच फुटाला पंचवीस डॉलर झाले. सळया, चुना, मजुरी, आराखडा, तपासणी, सगळं वेगळं.

हे पैसे मतपत्रिकेतून आले. ६ नोव्हेंबर २०१२ या दिवशी ह्यूस्टनचे लोक ओबामा की रॉम्नी हे ठरवायला रांगेत उभे होते. त्याच मतपत्रिकेवर शहराचे काही प्रश्न होते. शहराने एकूण ४१ कोटी डॉलरचे कर्जरोखे काढावेत का? त्यातले १६ कोटी ६० लाख उद्यानांसाठी होते. प्रत्येक कामासाठी वेगळं हो किंवा नाही. उद्यानांच्या प्रश्नाला दोन-तृतीयांश मतदार हो म्हणाले. उद्यानांच्या रकमेतले दहा कोटी बायूंच्या काठच्या हरितपट्ट्यांसाठी ठेवले होते. आणखी बारा कोटी ह्यूस्टन पार्क्स बोर्ड या ना-नफा संस्थेने देणग्यांतून उभे करायचे होते. त्यातले पाच कोटी २०१३ मध्ये एकट्या किंडर फाउंडेशनने दिले. कर्ज फिटायचं ते शहराच्या महसुलातून, मुख्यतः घरपट्टीतून.

पुणे महापालिकेनेही २०१७ मध्ये चोवीस तास पाण्याच्या योजनेसाठी २०० कोटींचे रोखे काढले. रोखे मुंबई शेअर बाजारात नोंदवले गेले, गुंतवणूकदारांनी घेतले. पुणेकरांना मात्र त्यावर हो किंवा नाही म्हणायचा प्रसंग आला नाही. आपल्या शहराने कशासाठी कर्ज काढावं, हे नागरिकाला थेट विचारणं मला फार मोलाचं वाटतं. विचारलं की उत्तर देणाऱ्यावरही जबाबदारी येते.

५.२०

लगदा पसरतो आहे. दोघे जण फावड्यांनी ओढतात, एक जण व्हायब्रेटरची नळी आत खुपसतो, म्हणजे हवेचे बुडबुडे निघून जातात. मागून दोघे लांब पट्टी फळ्यांवर टेकवून मागेपुढे करत ओढतात. पट्टीपुढे जास्तीचा माल जमतो, तो फावड्याने पुढे टाकायचा. वाकलेल्या पाठी, घोट्यापर्यंत लगद्यात बुडालेले बूट. कोणाच्या बुटात लगदा गेला तर लगेच धुवायचा. ओल्या काँक्रीटमध्ये चुन्याचा दाह असतो, कातडी भाजते आणि ते संध्याकाळपर्यंत कळतही नाही. मिस्त्रींच्या डाव्या घोट्यावर जुना डाग आहे. बादलीत म्हणून व्हिनेगरची बाटली असते.

मग मिस्त्री लांब दांड्याचा रंधा हातात घेतात. दांडा सोळा फुटांचा. रंधा वाटेच्या पलीकडच्या कडेपर्यंत ढकलायचा आणि अलगद ओढून घ्यायचा. ढकलताना पुढची धार किंचित वर, ओढताना मागची. मनगट जरासं वळतं, एवढंच. खडी खाली जाते, सिमेंटचा मऊ थर वर येतो. सव्वीस वर्षं त्या वळणात आहेत.

६.२०

सूर्य उगवला. दिवे बंद. हॉबी विमानतळ जवळच आहे आणि सकाळची विमानं डोक्यावरून जायला लागली आहेत. आवाज आला की मुकादम बोलणं अर्ध्यावर सोडतो आणि विमान गेलं की तिथूनच पुढे बोलतो.

तिसरा ट्रक रिकामा झाला. एका बगळ्याला पलीकडच्या काठावर मासा मिळाला आहे. ओढ्याचा उतार गवताने झाकलेला, तळ रुंद. पुराचं पाणी लवकर वाहून जावं म्हणून हा बायू अनेक वर्षं खपून रुंद केला गेला. काठच्या बऱ्याचशा जमिनी पूरनियंत्रण खात्याच्या ताब्यात होत्या. मोकळ्याच पडलेल्या. मतदारांच्या दहा कोटींत इतकी लांब वाट बसू शकली त्याचं हे एक मोठं कारण. शहराच्या मधोमध सगळी जमीन विकत घ्यावी लागली असती तर पैसे खरेदीखतांतच संपले असते.

ही कल्पना आजची नाही. आर्थर कोमी नावाच्या उद्यानरचनाकाराला शहराच्या उद्यान आयोगाने १९१२ मध्ये आराखडा करायला सांगितलं. बायूंच्या काठाने सलग उद्यानं करा, असं त्याने लिहून दिलं. त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी मतदान झालं. मधल्या काळात काठांवर काँक्रीट आलं, कारखाने आले, पूल आले. आता तुकडे जोडत चालले आहेत.

७.००

पहिल्या पन्नास फुटांवर वर आलेलं पाणी आटलं. चकाकी गेली. मिस्त्री अंगठा टेकवून बघतात. ठसा पाव इंच उमटतो. "आता," म्हणतात.

गुडघ्यांवर बसून ते काठाची थापी चालवतात. फळी आणि काँक्रीट यांच्यामधल्या फटीत थापीची वळलेली कड घालून ओढायची. काठ गोल होतो. टोकदार काठ पहिल्याच वर्षी गवत कापायच्या मशिनने तुटतो, तिथून पाणी शिरतं आणि तिथूनच वाट खराब व्हायला सुरुवात होते. मग झाडू. चार फूट रुंद, मऊ केसांचा. आडवा, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत, एका दमात, मध्ये न थांबता. बारीक रेघा उमटतात. या रेघांमुळे ओल्या वाटेवर पाय घसरत नाही. झाडू मध्येच थांबला तर तिथे डाग राहतो, तो जन्मभर दिसतो.

कोपऱ्यावर टॅको विकणारी गाडी आली आहे. एक टॅको पावणेदोन डॉलर. कामगार आळीपाळीने जातात. मिस्त्री जात नाहीत. डबा आहे.

७.२५

पाचवा ट्रक यायला हवा होता. नाही आला.

मुकादम फोन लावतो. ४५ नंबरच्या हमरस्त्यावर अपघात झाला आहे, ट्रक त्यात अडकला. मिस्त्री चौथ्या ट्रकच्या शेवटच्या टोकाकडे बघतात. तिथला काठ कडक होत चालला. नवा माल उशिरा पडला तर जुन्याशी एकजीव होणार नाही, तिथे भेग ठरलेली. दोघे गोणपाट भिजवून आणतात आणि टोकावर पांघरतात. एक माणूस तिथे पाणी शिंपडत उभा राहतो, थेंबाथेंबाने. जास्त झालं तर वरचा थर पातळ होईल.

दुसरीकडे, मागचे पन्नास फूट झाडूला तयार होत आहेत.

८.०५

ट्रक आला. पावतीवर भरल्याची वेळ ६.५२. म्हणजे त्र्याहत्तर मिनिटं झाली. शंकूवर काँक्रीट जेमतेम तीन इंच बसतं. घट्ट आहे. मुलगी पावती वाचते. कारखान्याने दहा गॅलन पाणी राखून ठेवलं होतं, तेवढं घालायची मुभा आहे, त्यावर एक थेंबही नाही. चालक पाणी सोडतो, ड्रम जोरात फिरवतो. पुन्हा शंकू. साडेचार.

"सतरा मिनिटं," मुकादम ओरडतो. मुलगी घड्याळाकडे बघते. ती ओरडत नाही. नव्वदावं मिनिट झाल्यावर ती थांबा म्हणणार आणि उरलेला माल परत जाणार, हे सगळ्यांना माहीत आहे. साडेबाराशे डॉलरचा ट्रक अर्धा जरी परत गेला तरी कंत्राटदार त्याचा हिशोब मुकादमाकडे मागेल.

गोणपाट निघतं. फावडी चालतात. आणि मागून सहावा ट्रक येऊन उभा राहतो, तोही त्याच गर्दीतून सुटलेला. त्याची वेळ ७.१५.

मिस्त्री क्षणभर दोन्हीकडे बघतात. पुढे ओतकाम, तिथे लांब रंध्याला त्यांच्याशिवाय दुसरा हात नाही. मागे पन्नास फूट झाडूची वाट बघतात आणि ते आणखी दहा मिनिटं थांबणार नाहीत. ते झाडू उचलतात आणि भाच्याच्या हातात देतात.

"मी?"

"एका दमात ओढायचा. मध्ये थांबू नकोस. दाबू नकोस. झाडूचं वजन पुरे आहे."

भाचा पहिला झाडू ओढतो. हात थोडा कापतो, रेघ जराशी वाकडी जाते. दुसरी सरळ येते. तिसरी सरळ. मिस्त्री लांब रंधा ढकलतात आणि मधूनमधून मान वळवून मागे बघतात. काही बोलत नाहीत. पाचवा ट्रक ८.२० ला रिकामा होतो. दोन मिनिटं राखून. सहावा ८.४० ला.

९.३०

तीनशे फूट पूर्ण. दोन माणसं पाठीवरच्या पंपाने पांढरं औषध फवारतात. त्याचा पातळ पापुद्रा धरतो आणि आतलं पाणी आतच राहतं. आपण स्लॅबवर पाणी मारतो, वाफे करतो, त्याच कामासाठी हे. वाट दुधी दिसायला लागते. उन्हात डोळे दिपतात.

ट्रकची पन्हळ धुतात ती एका खड्ड्यात, प्लॅस्टिकचं अस्तर घातलेल्या. सिमेंटचं पाणी ओढ्यात गेलं तर मासे मरतात आणि दंड होतो. ओढ्याच्या बाजूने काळ्या कापडाचं कुंपण ठोकलेलं आहे, माती वाहून जाऊ नये म्हणून. त्याचाही फुटाला दर आहे. तोही त्याच १६ कोटी ६० लाखांतून.

मिस्त्री भाच्याने झाडलेल्या पन्नास फुटांवरून कडेने चालत जातात. पहिल्या वाकड्या रेघेजवळ थांबतात. भाचा मागे उभा आहे.

"राहू दे," म्हणतात. "पाय घसरणार नाही."

१०.१५

पुढच्या तयार वाटेवर गवत कापणारी टोळी आली आहे. वेगळे शर्ट, वेगळी कंपनी. तिघे जण, एक बसून चालवायचं मशिन, दोन हातातली. एक जण काठाकाठाने प्लॅस्टिकच्या पिशव्या, बाटल्या, टायर गोळा करतो. पाऊस झाला की शहराचा कचरा इथेच येतो.

या तिघांचा पगार कर्जरोख्यांतून निघत नाही. निघूच शकत नाही. रोख्यांच्या पैशाने बांधायचं, विकत घ्यायचं. दर पंधरवड्याला वाढणारं गवत कापायला तो पैसा चालत नाही. मला हा नियम योग्य वाटतो. पंचवीस-तीस वर्षं हप्ते फेडायचे असतील तर तेवढी वर्षं टिकणारी वस्तू हातात हवी. पण मग गवत कोण कापणार? उद्यान बांधून झाल्यावर मोडकळीला येतं ते बहुतेक याच प्रश्नावर. फीत कापायला सगळे येतात.

ह्यूस्टनने उत्तर आधी शोधलं. शहर आणि पार्क्स बोर्ड यांनी २०१३ मध्ये तीस वर्षांचा करार केला. हरितपट्ट्यांच्या देखभालीसाठी शहराने वर्षाला एक कोटी डॉलरपर्यंत द्यायचे. मतदारांनी बांधायला हो म्हटलं, आणि कराराने सांभाळायचं कबूल केलं. मला तर दुसरा कागद पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो.

मशिनवाला सांगतो, तासाला साडेतेरा मिळतात. हार्वी वादळानंतर, २०१७ च्या सप्टेंबरात, पुलांखाली वाटेवर गुडघाभर गाळ होता. तो आधी फावड्याने काढला, मग बॉबकॅट यंत्राने, मग पाण्याच्या जोराने धुतला. "खालचं काँक्रीट जसंच्या तसं होतं," म्हणतो. मिस्त्रींकडे बोट करतो. "याच लोकांनी केलेलं."

११.३०

जेवणाची सुट्टी, अर्धा तास, बिनपगारी. पुलाखालच्या सावलीत. मिस्त्रींच्या डब्यात भात, राजमा, अंडं, हिरवी मिरची. ते डबा माझ्यापुढे करतात. मी मिरची घेते. तिखट आहे. ते पहिल्यांदा हसतात.

शेजारच्या वस्तीतल्या एक आजी काठी टेकत कुंपणापाशी येतात. वाट कधी सुरू होणार? मुकादम म्हणतो, चालायला आठवडा थांबा, पण कुंपण काढायला अजून दोन महिने. आजी म्हणतात, पलीकडच्या दुकानात जायला त्यांना रस्त्याच्या कडेने चालावं लागतं, फुटपाथ नाही. या वाटेने पूल ओलांडावा लागणार नाही, खालूनच जाता येईल. त्यांनी २०१२ ला मत दिलं होतं का, ते मी विचारते. "हो तर. उद्यानांना हो म्हटलं. बाकीचं आठवत नाही."

मिस्त्रींनी मत दिलं नव्हतं. तेव्हा त्यांच्याकडे ग्रीन कार्ड होतं, नागरिकत्व नव्हतं. अजूनही नाही. अर्जाची फी आणि वकिलाचे पैसे बाजूला काढायचं चाललं आहे. ते भाड्याच्या घरात राहतात, दोन खोल्या, महिना साडेआठशे. भाडं वाढवताना मालक दर वर्षी घरपट्टीचं नाव घेतो.

दुपारी १.००

पस्तीस अंश. सावली कुठेच नाही. वाटेच्या कडेला सायप्रसची रोपं लावली आहेत, कमरेइतकी. सावली द्यायला त्यांना दहा-पंधरा वर्षं लागतील. नारिंगी पिंपात बर्फ टाकला जातो. बर्फाची पिशवी अडीच डॉलरची, दिवसाला सहा लागतात, मुकादम पावत्या जपून ठेवतो.

आता करवत. काँक्रीट सुकताना आकसतं आणि कुठेतरी तडकतंच. तडकायचंच असेल तर आपण सांगू तिथे तडकू दे, म्हणून दर दहा फुटांवर आडवी खाच मारायची, जाडीच्या एक-चतुर्थांश खोल, दीड इंच. भेग त्या खाचेखालीच पडते आणि वरून दिसत नाही. फार लवकर मारली तर कडा उचकटतात. उशीर केला तर काँक्रीटने स्वतःची जागा आधीच शोधलेली असते. मिस्त्री खडूने रेघा मारत पुढे जातात, करवतवाला मागून येतो. तोंडाला मास्क. पात्यावर पाण्याची धार, नाहीतर उडालेली धूळ फुप्फुसात बसते. हिऱ्याच्या कणांचं ते पातं सव्वाशे डॉलरचं. कर्कश आवाज, करडं पाणी. एकूण एकोणतीस खाचा.

आजचे तीनशे फूट. सगळी योजना दीडशे मैलांच्या वाटांची आहे, जुने तुकडे धरून. तीनशे फुटांनी भागलं तर दोन हजार सहाशे चाळीस येतात. म्हणजे अशा दोन हजार सहाशे चाळीस पहाटा कोणी ना कोणी पावणेचारला आलं, किंवा येणार आहे.

२.४०

नैर्ऋत्येला ढग जमले. मुकादम फोनवर रडार बघतो. प्लॅस्टिकच्या गुंडाळ्या हाताशी आणून ठेवल्या. आता पाऊस आला तरी रेघा धुऊन जाणार नाहीत, एवढं काँक्रीट धरलं आहे. सकाळी आठला आला असता तर सगळं संपलं असतं.

पाच थेंब पडतात. ढग दुसरीकडे जातो. उद्याच्या फळ्या ठोकायचं काम चालू राहतं. खुंटी, हातोडा, दोरी, पट्टी. भाचा ठोकतो आणि मिस्त्रींना बोलवायच्या आधी स्वतःच पट्टी टेकवून बघतो.

४.१५

हत्यारं धुऊन, पुसून बादलीत. मिस्त्रींच्या बोटांची पेरं पांढरी पडली आहेत. व्हिनेगर हातावर ओततात, चोळतात, पाण्याने धुतात.

आज गुरुवार. सोमवार ते बुधवार रोज दहा तास झाले. आज जेवणाची सुट्टी वजा करून बारा. चाळीस तासांनंतर दीडपट मिळते. त्यांना तासाला वीस डॉलर आहेत, म्हणजे आज दहा तासांचे दोनशे आणि वरच्या दोन तासांचे साठ. कर कापायच्या आधी. भाच्याला तासाला चौदा. कामानुसार किमान दर शहराने ठरवलेला असतो, कारण सरकारी कामावर प्रचलित मजुरीच द्यावी लागते, असा टेक्ससचा कायदा आहे. टेक्ससमध्ये इतरत्र सव्वासात डॉलरवरही माणूस ठेवता येतो. मिस्त्रींना खासगी घरांच्या ड्राइव्हवेची कामं मिळतात, रोख, पण तिथे दीडपट नाही आणि पावती नाही. म्हणून शहराचं काम निघालं की ते आधी इकडे येतात.

मुकादम गाडीच्या बॉनेटवर वही ठेवून कारखान्याला फोन लावतो. उद्या साठ यार्ड, पहिला ट्रक पाचला, अंतर पस्तीस मिनिटांचं, ४५ नंबरवरून पाठवू नका. शनिवारी तीस यार्ड, पुलाखालचा तुकडा.

मिस्त्री गाडीत बसतात. काच खाली करतात.

"शनिवार नक्की?"

"नक्की."

"मग त्याला पण आण," मिस्त्री भाच्याकडे मान करून म्हणतात. "झाडूवर."

"झाडूवाल्याचा दर सोळा आहे," मुकादम म्हणतो.

"तेच म्हणतोय मी."

मुकादम वही उघडतो आणि लिहून घेतो.